घराण्याचे कागद आणि घरातली माणसे



गेल्या काही वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांपुढे जशी गर्दी झाली, तशी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे सगळ्या राज्याला लागू झाले आणि घरोघर एकच चर्चा सुरू झाली, आपल्या पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे? ज्यांनी आयुष्यात मोडी लिपीची ओळ पाहिली नव्हती अशी तरुण मुले बाडे उलगडून बसली. त्यांच्या आरक्षणाच्या मागणीबद्दल मला आज काही बोलायचे नाही. तो हक्काचा प्रश्न आहे आणि त्याची जागा वेगळी आहे. मला बोलायचे आहे ते त्या बाडांबद्दल. हवा तो एक शब्द सापडला, त्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळाली, की बाड पुन्हा रुमालात जाते. त्याच पानावर आपल्याच घरातली चार माणसे आणखी असतात. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आम्हाला मोडी शिकवली. कागद वाचताना शेवटच्या सहीपर्यंत, पाठीमागच्या शेऱ्यापर्यंत वाचायचा, अशी त्यांची शिस्त होती. आजचे माझे सारे बोलणे त्या शिस्तीचेच आहे.

आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा म्हटले की लोक एकदम शिवकाळात जाऊन बसतात. मी सांगतो, आजपासून मागे चला. घरात जी सर्वांत म्हातारी व्यक्ती आहे तिला आधी विचारा आणि मग तलाठ्याकडे जा. सातबारावर आज जी नावे आहेत, ती कुठल्या फेरफाराने आली त्याचा क्रमांक तिथेच असतो. तो फेरफार काढा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तीत कोण कधी मयत झाले, मागे वारस कोण, त्यांची वये काय, नाते काय, हे ओळीने लिहिलेले असते. एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर जायचे. जिथे जमीन आहे तिथे अशा चार-पाच पिढ्या बहुधा हाती लागतात. त्याच्या जोडीला जुना गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला गावात अजून कोतवाल बुक म्हणतात. आणि शाळेचे जनरल रजिस्टर.

या तिन्हींचे गुणदोष वेगवेगळे आहेत आणि ते ठाऊक नसले तर माणूस फसतो. कोतवाल बुकात बापाचे नाव, जात, तारीख हे सारे असते, पण जन्मलेल्या मुलाचे नाव पुष्कळदा नसते. नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. तेव्हा हा ‘मुलगा’ म्हणजे आपले आजोबा की त्यांचे लहानपणी गेलेले थोरले भाऊ, हे दुसऱ्या कागदाने ठरवावे लागते. उलट शाळेच्या रजिस्टरात नाव पक्के असते आणि जन्मतारीख कच्ची. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण नाव घालताना मास्तरांनी वय अदमासाने धरले आणि शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने तारीख टाकली. मृत्यूच्या पानांवर मात्र जरूर थांबा. एकोणिसावे शतक संपता संपता आपल्या भागात प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. अशा वर्षांच्या नोंदवहीत एकाच आडनावाची माणसे पाठोपाठ मेलेली दिसली, की घरात ‘आमची एक शाखा बुडाली’ असे जे मोघम सांगतात, त्याचा उलगडा होतो.

यानंतर खरी अडचण सुरू होते आणि ती कोल्हापूरची खास अडचण आहे. आज आपण ज्याला कोल्हापूर जिल्हा म्हणतो, तो १९४९ पूर्वी एका कारभाराखाली नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरचे करवीर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पण संस्थानाच्या आतही विशाळगड, बावडा, कागल थोरली पाती, कागल धाकटी पाती, इचलकरंजी, कापशी, तोरगल, हिंमतबहादूर आणि सरलष्कर अशा नऊ जहागिरी होत्या. त्यांचा कारभार वेगळा, म्हणून दप्तरही वेगळे. आजऱ्याच्या माणसाने आपले कागद करवीर दरबारात शोधून चालत नाही, आजरा इचलकरंजीकडे होता. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. शिरोळ तालुक्यातले कुरुंदवाड पटवर्धनांचे, स्वतंत्र संस्थान. आणि जी रायबाग, कटकोळ ही गावे करवीरची होती, ती आज कर्नाटकात आहेत. मग एखादा माणूस तीन कचेऱ्या फिरतो, ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला घेऊन घरी येतो आणि आपल्या घराण्याला कागदच नाहीत असे समजतो. कागद असतात, पण शेजारच्या दप्तरात. म्हणून कुठलाही अर्ज करण्याआधी एका कागदावर लिहून काढा: आपले गाव १९४९ मध्ये कुणाचे होते, त्याआधी शंभर वर्षे कुणाचे होते, कोणत्या पेट्यात, कोणत्या कर्यातीत होते.

गावाचे दप्तर कुठे असायचे? कुलकर्ण्याच्या घरी. त्याच्या हातातच गावाची सारी लिखापढी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात कुलकर्णी वतन बरखास्त केले आणि पगारी तलाठी नेमले. सामाजिक दृष्टीने त्या निर्णयाचे मोल मोठे आहे, ते या शहरात मी सांगायला नको. कागदांच्या दृष्टीने मात्र त्याचा एक परिणाम झाला. चालू दप्तर तलाठ्याकडे गेले, पण जुने, निकाली, कुणाला नको असलेले बाड पुष्कळ ठिकाणी कुलकर्ण्यांच्या माळ्यावर राहिले. गावोगावचे पाटील, देसाई यांच्या घरीही तसेच. त्यांतले जे पुराभिलेखागारात पोचले ते वाचले. जे नाही पोचले त्याला कसर लागली, चुलीत गेले किंवा पुराने नेले.

कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात करवीर सरकारचे रुमालच्या रुमाल आहेत. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार असल्यामुळे ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ त्यांच्या संपादनाखाली छापली गेली. हे खंड केवळ राजकारणाचे आहेत अशी समजूत आहे. उघडून पाहा. इनामपत्रे, अभयपत्रे, तंटे यांतून गावोगावची साधी माणसे बापाच्या नावासकट त्यांत येतात.

हे कागद वाचायला मोडी यावी लागते आणि मोडी आली तरी सन कळावा लागतो. आडनाव बहुधा नसते. ‘राणोजी बिन संताजी’ म्हणजे संताजीचा मुलगा राणोजी, ‘वलद’चाही अर्थ तोच, आणि बाईच्या नावापुढे ‘कोम’ आले की पुढचे नाव तिच्या नवऱ्याचे. शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१, राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात आणि वर्ष मृगापासून सुरू होते. एकाच कागदावर दोन गणना दिल्या असतील तर दोन्ही काढून ताळा जमतो का पाहायचा. जमला नाही, तर कागद नंतर रचलेला असण्याचा संशय धरायचा. हे सारे ऐकायला किचकट वाटते, पण चिकाटीने बसणाऱ्याला एका हंगामात जमते. आपल्याकडे मोडीचे वर्ग चालतात. त्यांत नाव घाला.

आता मी ज्या विषयापाशी जास्त रेंगाळणार आहे, तो म्हणजे हेळवी.

सुगी संपली, धान्य घरात आले, की सजवलेला बैल घेऊन, घंटा वाजवत हेळवी दारात येतो. आपल्या कोल्हापूर-सांगलीत आणि पलीकडे बेळगाव-चिकोडी-गोकाकच्या मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे दृश्य सांगावे लागत नाही. तो घराचे कूळ सांगतो, मूळ गाव सांगतो, देव सांगतो, कोण कुठून कुठे आला ते सांगतो आणि मग खापरपणजापासून नावे म्हणत खाली येतो. बोलणे मराठी, पण त्याचा हेल कानडी. घरात मागच्या फेरीनंतर जी मुले जन्मली त्यांची नावे विचारून वहीत चढवतो, धान्य, कापड, पैसे घेतो आणि पुढच्या घरी जातो. हेळव्यांच्या घराण्यांत गावे वाटलेली असतात. बापाकडची गावे मुलांत वाटली जातात, तशा वह्याही वाटल्या जातात. तेव्हा एका कुळाची वंशावळ एकाच हेळव्याकडे मिळते, भलत्याकडे विचारून उपयोग नाही. काही वह्या कानडी लिपीत आहेत.

या माणसांना आपण काय दिले? महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत हेळवे आहेत. आपली शंभर घराणी ज्याच्या वहीत नांदतात, त्याचे स्वतःचे घर मात्र पिढ्यान् पिढ्या फिरते राहिले. त्याची मुले शाळेत जाऊ लागली, नोकऱ्या शोधू लागली, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे घंटा वाजवत दारी येणारा हेळवी आता दरवर्षी येईलच असे नाही, आणि आला तरी अपार्टमेंटच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला आत सोडेलच असेही नाही. तो आला तर त्याला भिकारी समजून दोन रुपये देऊन वाटेला लावू नका. त्याला बसवा, चहा द्या, त्याने म्हटलेले फोनवर ध्वनिमुद्रित करा, वहीच्या पानांचे फोटो त्याची परवानगी घेऊन काढा आणि त्याबद्दल त्याला योग्य मानधन द्या. ती वही त्याची आहे, त्याच्या आजोबांनी पायी फिरून लिहिलेली आहे. संशोधनाच्या नावाखाली ती उचलून आणण्याचा अधिकार विद्यापीठालाही नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही दुसरी बाजू. नाशिक, पंढरपूर, तुळजापूर, गया, काशी. आपल्या गावाचा, आपल्या आडनावाचा उपाध्याय तिथे ठरलेला असतो. वही काढली की आजोबा कोणत्या साली कुणाबरोबर आले होते ते निघते आणि पुष्कळदा त्यांची सही किंवा अंगठाही. हेळव्याच्या वहीत जे ऐकून लिहिले जाते, ते इथे स्वतः आलेल्या माणसाने सांगितलेले असते, म्हणून पुरावा म्हणून याचे वजन जास्त. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेला या वह्यांची किंमत कळली आणि १९७७ पासून तिने हरिद्वारसह अनेक तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांच्या सूक्ष्मपटप्रती घेतल्या. सात समुद्रांपलीकडच्या लोकांनी येऊन ते केले. आपल्या जवळ, शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीसारखे क्षेत्र आहे. तिथल्या पुजाऱ्यांच्या घरांशी कोल्हापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने बोलणी करायला काय हरकत आहे?

पण श्रोतेहो, वह्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका, हेही मला तितक्याच जोराने सांगायचे आहे. सात-आठ पिढ्यांपर्यंत वही जमिनीवर असते. त्याच्या वर गेली की ती एकदम उदयपूरला नाहीतर अयोध्येला पोचते. मधल्या दोन-तीनशे वर्षांत एकही गाव, एकही तंटा, एकही बाई नाही. अशी वंशावळ म्हणजे यजमानाला बरे वाटावे म्हणून केलेली रचना. खऱ्या वंशावळीत अडचणीच्या गोष्टी असतात: दत्तक, दुसरे लग्न, भाऊबंदकी, कर्जात गेलेली जमीन, गाव सोडून जाणे. जिच्यात हे काहीच नाही, तिच्यावर सही करू नका. आपला पूर्वज सरदार होता की नांगर धरणारा होता, याने आपली किंमत ठरत नाही, हे ज्या राजाने सांगितले त्याच्या या शहरात तरी आपण खोटे पूर्वज मिरवू नयेत.

आणि याच ठिकाणी मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आतापर्यंत सांगितलेली बहुतेक साधने कुणासाठी तयार झाली? सारा वसूल करण्यासाठी, वतनाचा तंटा तोडण्यासाठी, दक्षिणा घेण्यासाठी. ज्याच्याकडे जमीन, वतन किंवा दक्षिणा द्यायला पैसे, त्याचे नाव लिहिले गेले. ज्याच्याकडे यांतले काहीच नव्हते, तो माणूस कागदावर आला तो अपवादाने. मग भूमिहीन घरातल्या, बलुतेदारांच्या घरातल्या मुलीने आपला इतिहास शोधायचाच नाही का? शोधायचा, पण वेगळ्या कागदांत.

जुन्या महजराच्या तळाशी पाहा. गावसभेपुढे निवाडा झाला की सगळ्या बलुतेदारांची साक्ष असे. ज्याला लिहिता येत नसे, तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा. निशाणीशेजारी नाव असते, बापाचे असते. गावाची शीव कुठून जाते हे ज्याला ठाऊक, त्या महाराच्या साक्षीशिवाय शिवेचा तंटा तुटत नसे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तेव्हा ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांची मुले शाळेच्या रजिस्टरात आली. अनेक घरांचा पहिला सरकारी कागद हाच आहे. दुसऱ्याच वर्षी महार वतने मोडून त्या जमिनी रयतावा करण्याचा हुकूम निघाला. त्या अंमलबजावणीचे कागद म्हणजे एरवी ‘समस्त महार’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळल्या गेलेल्या माणसांची एकेकाच्या नावाने ओळख करून देणारे कागद. त्यांचा अभ्यास व्हायला हवा.

शिपायांचेही तसेच. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात घरटी सैन्याची परंपरा. दोन महायुद्धांत जे परत आले नाहीत, त्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहेत आणि त्यांत पुष्कळदा बापाचे नाव आणि गावही दिलेले असते. मेसोपोटेमियात पडलेल्या माणसाचे नाव बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदींत असते आणि इकडे त्याच्या भावकीत कुणाला ते माहीत नसते. तसेच मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेले मजूर. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या स्थलांतराचे दप्तर जपलेले आहे. नाव, बाप, गाव, जात, वय, अंगावरच्या खुणा, सगळे त्यात लिहून ठेवलेले. तिकडच्या मराठी घरांतली माणसे आजही आपले गाव शोधत महाराष्ट्रात येतात. त्यांना आपण गाव दाखवायचे, तर निदान गावात कोण गेले त्याची आठवण आपल्याकडे असायला हवी.

उरल्या बायका. कोणतीही वंशावळ घ्या, ती मुलग्यांची असते. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या नावाची फांदी छाटली जाते आणि सून आली तर ‘पत्नी’ एवढ्यावर भागते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आला आणि फेरफारात बहिणींची नावे दिसू लागली. किती आनंदाने मी ती पाने वाचायला घेतली होती! पण पुढचाच फेरफार पाहावा, तर हक्कसोडपत्र. म्हणजे कित्येक बायकांची नावे घराण्याच्या कागदात आली ती आपला हिस्सा सोडताना, अंगठा उठवण्यासाठी. हे वाचून आपल्याला वाईट वाटायला हवे. मात्र ते हक्कसोडपत्र टाकून देऊ नका. त्यात तिचे सासरचे नाव आहे, गाव आहे, वय आहे. तिथून तिच्या सासरच्या गावाचा धागा धरता येतो, तिची मुले सापडतात, आपल्या रक्ताची अर्धी माणसे सापडतात. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा-पणजोबा यांची नावे घ्यावी लागतात, म्हणून ज्या घरांत तो विधी चालतो त्यांना निदान तेवढी नावे पाठ असतात. बाकी घरांत ती आजीच्या बरोबर जातात.

विद्यार्थी मला विचारतात, हे सारे करून काय मिळणार? इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असेल तर शोधू, नसेल तर कशाला? दाखल्यासाठी आलेल्या माणसाला मी कधी परत पाठवत नाही. त्याची गरज खरी आहे. पण त्याचे काम झाल्यावर मी त्याला म्हणतो, आता तुझ्या आजीचे माहेर काढू. बरेच जण थांबतात. जे थांबतात, ते परत येतात.

वेळ थोडा आहे, हे मी भावनेने म्हणत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पंचगंगेने आणि कृष्णेने आपल्याला दाखवले. प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत घरांत पाणी शिरले. माणसे आणि जनावरे बाहेर काढणे पहिले, ते बरोबरच. पण त्या पाण्यात किती ट्रंका भिजल्या, किती खरेदीखते, सनदा, वह्या लगदा होऊन गेल्या, याची मोजदाद कुठे झाली नाही. पुढचा पूर येणार आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. घरातला प्रत्येक जुना कागद, वाचता येवो न येवो, फोनने उजेडात नीट फोटो काढून ठेवा, मागची बाजूसुद्धा. कागद चिकटपट्टीने जोडू नका, प्लास्टिकच्या आवरणात बंद करू नका, सुती कापडात गुंडाळा. मूळ कागद सांभाळणे होत नसेल तर पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला द्या आणि पावती घ्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे माहेर, तिच्या मामांचे गाव विचारा आणि ते वंशावळीत नवऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहा. आणि हे पुढच्या पावसाळ्याच्या आत करा.